कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही

…आणि वर मलाच विचारतात, "अस्नाकेच, तू तो आकडा सांगितलासच कसा?" कसा म्हणजे काय? तोंडाने सांगितला! ज्या माणसाला मी माझी सगळी पापं सांगते, शेजारणीच्या कोंबडीला खडा मारला तेही सांगते, देवळात हात जोडून उभी असताना मनात 'इंजेराच्या भाकरीचं पीठ आंबलं असेल का' असा विचार आला तेही सांगते, त्या माणसाला फोनवर आलेला एक आकडा सांगायचा नाही? का? तो आकडा काय पापापेक्षा मोठा लागून गेला?

तुम्हाला सांगते बायांनो, बसा, सरकून घ्या, कॉफीच्या बिया भाजून झाल्या की धूर आधी अंगावर घ्या, मग प्याला. आपल्या मरियमच्या मंडळातल्या जुन्या बायकांना हे सगळं तोंडपाठ आहे, पण या दोन नव्या सुना आल्यात ना, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. झेबेनाय, तू मधे बोलायचं नाही. तू माझ्या आधी शेवट सांगून टाकतेस.

तर, फिलसेटाचे दिवस. मरियमचा उपास. सकाळपासून तोंडात पाणी नाही, आपल्या देब्रे बिरहानची ती थंडी, प्रार्थना आटोपून घरी आले आणि उंबऱ्यावर टेकले, तर फोन वाजला. बघते तो काय, अब्बा हाब्ते! माझे आत्म्याचे वडील. माझ्या आईची कबुलीही त्यांनीच ऐकली आणि माझीही तेच ऐकतात. तोच फोटो, डोक्याला पांढरं पागोटं, हातात क्रूस. आणि खाली मेसेज. मी अक्षराला अक्षर लावत वाचला. 'लेकी, माझा एक आकडा चुकून तुझ्या फोनवर आला आहे, तेवढा मला कळव. देवमाता तुला सांभाळो.' आणि खरंच हो, आकडा आलेला! त्याच्या खाली लिहिलेलं, 'हा आकडा कुणालाही सांगू नका.' वाचलं ना मी! वाचलं नाही असं नाही. पण मला सांगा, अब्बा म्हणजे 'कुणीही' का? कुणीही म्हणजे बसथांब्यावरचा माणूस, कुणीही म्हणजे बाजारात मिरची विकणारा… माझ्या मुलीला पाण्यात बुडवून ज्या हाताने नाव दिलं त्या हाताचा माणूस 'कुणीही' कसा होईल?

मी लिहीत नाही, मला लिहायला वेळ लागतो, मी बोलूनच निरोप पाठवते. पाठवला. आकडा सांगितला, वर "अब्बा, माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा" असंही सांगितलं. तिकडून उत्तर आलं, 'आमेन.' बघा! चोराने माझ्या गुडघ्याला आमेन म्हटलं! आणि चूल पेटते न पेटते तोच फोनने मला बाहेर काढलं. माझा फोन, माझा फोटो, आणि मीच बाहेर.

धावत गेले झेबेनायच्या सुनेकडे. ही फिकिर्ते, बँकेत असते, बोलायला लागली की वाटतं आपणच तिचं काहीतरी बुडवलंय. "मावशी, आकडा कुणाला सांगितलात?"

"कुणालाच नाही."

"नीट आठवा."

"कुणालाच नाही ग. फक्त अब्बांना."

तिने कपाळावर हात मारला, तो तुम्हाला इथपर्यंत ऐकू आला असता. "मावशी! कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही! अब्बांना नाही, भावाला नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तर त्याला नाही, उद्या मी मागितला तर मलाही नाही!"

मी भीत भीत विचारलं, "आणि मरियमला?"

"मरियम मागणार नाही, मावशी! तिला लागत नाही आकडा!"

मग मी शाल डोक्यावरून घेऊन खऱ्या अब्बांकडे गेले. म्हटलं, आता ते तरी रागावतील चोरावर. तर अब्बा देवळाच्या कुंपणाशी बसलेले, मान खाली. "लेकी," म्हणाले, "माझाही गेला. मठातल्या वडीलधाऱ्यांनी मागितला. त्यांना नाही कसं म्हणायचं?" आणि त्या वडीलधाऱ्यांना म्हणे आणखी वरच्या कुणाचा मेसेज आला होता! बघा म्हणजे. दार फोडलं नाही, खिडकी वाकवली नाही. आपल्यात मोठ्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही, तर तो चोर त्या पद्धतीवरून जिना उतरावा तसा पायरी पायरीने खाली आला आणि माझ्या घरात शिरला!

घ्या, पहिला प्याला घ्या. गरम आहे.

आता तो माझ्या घरात थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण माझ्या मागे कोण? तुम्ही सगळ्या! मंडळाच्या यादीत माझं नाव पहिलं, सगळ्यांना निरोप मीच पाठवते, कुणाच्या घरी जमायचं, जवाची घरगुती दारू, आपली तल्ला, कुणी गाळायची, ब्रेड कुणी भाजायचा. तर माझ्या तोंडाने, माझ्या फोटोने तुम्हाला मेसेज गेले, 'बाई, माझा आकडा तुझ्याकडे आला आहे.' आणि तुम्ही दिलात! एकीनेही विचारलं नाही, 'अस्नाकेच, तुझा आकडा माझ्याकडे कशाला येईल?' झेबेनाय तर माझ्या घराला घर लागून राहते, भिंतीवर थाप मारली असती तरी मी ओरडून सांगितलं असतं! पण नाही. "तू मागितलास म्हणून दिला." झालं.

एकटी वाचली ती बेलायनेश. ती बघा, कोपऱ्यात बसून भाजके जव खातेय, कशी हसते बघा! का वाचली? हुशार म्हणून? अजिबात नाही! तिच्या पाळीला तल्ला पाणचट झाली असं मी चारचौघींत बोलले होते, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. माझा मेसेज आला, तो तिने उघडलाच नाही! आख्ख्या मंडळाला प्रेमाने बुडवलं आणि हिला भांडणाने तारलं. आता गावभर सांगत फिरते, "मी पहिल्यापासून सावध." सावध कसली, रुसलेली!

पुढे फिकिर्तेने काय काय केलं ते मला कळलं नाही. सिम माझ्याकडेच होतं म्हणून बरं, म्हणाली. परत आत शिरली, कोण कुठल्या फोनवरून आत बसलंय ते बघितलं, एकेकाला बाहेर हाकललं, आणि मग म्हणाली, "मावशी, आता एक पासवर्ड घाला. म्हणजे आकडा कुणाला कळला तरी दुसरं कुलूप राहील. असा घाला की कुणालाही ओळखता येणार नाही. मी तोंड फिरवते."

मी घातला. तिने तोंड फिरवलेलंच, आणि तशीच म्हणाली, "मरियम, एकवीस?"

मी गारच पडले! म्हटलं, ही बँकेत असते की भविष्य सांगते?

"मावशी, तुम्ही मरियमच्या, मरियमचा दिवस दर महिन्याची एकवीस. माझ्या सासूबाई गॅब्रियलच्या, त्यांचा गॅब्रियल एकोणीस. मिकाएलवाल्यांचा बारा. कोण कुठल्या संताच्या दिवशी देवळात जातं ते गल्लीतल्या शेळ्यांनाही माहीत आहे. हे कुलूप आहे की दारावरची पाटी?"

हसा, हसा! तुम्ही सगळ्यांनी तेच घातलं होतं! मी म्हटलं, "मग काय चोराच्या भीतीने संत बदलू?" तर म्हणाली, "संत तोच ठेवा, पासवर्ड बदला. लांबलचक घाला, अर्थ नसलेला. आणि कुणालाही नाही म्हणजे…" "कुणालाही नाही," मी म्हटलं. पाठ झालं होतं आता.

आणि मग, बायांनो… मग ती फोन बघता बघता गप्प झाली. फिकिर्ते गप्प झाली म्हणजे काहीतरी आहे. म्हणाली, "मावशी, हे तुम्ही वाचू नका." आता असं म्हटल्यावर कोण वाचल्याशिवाय राहील?

माझी मास्तेवाल बैरूतला आहे, हे नव्या सुनांना माहीत नसेल. एका मॅडमच्या घरी कामाला. फोन त्या मॅडमच्या कपाटात असतो, रविवारी दुपारी मिळतो. आठवडाभर मी तिला बोलून ठेवायची, आज काय केलं, कोण मेलं, कुणाची म्हैस व्याली, शिरोच्या पिठल्यात मीठ जास्त झालं, आणि रविवारी ती सगळं एका बैठकीत ऐकायची आणि तिकडून नुसती हसायची. तेवढंच होतं आमचं. तेवढ्यावर मी आठवडा काढायची आणि तीही.

तर त्या चोराने तिला काय पाठवलं? माझाच आवाज! थंडीत मला खोकला झाला होता तेव्हाचा जुना निरोप त्याने उचलला आणि पुन्हा पाठवला, "पोरी, मला बरं नाही ग, लवकर कर." खोकला माझा, लबाडी त्याची. आणि खाली, 'तुझ्या फोनवर आकडा येईल, तो पाठव.'

रविवारी फोन मिळाल्यावर माझ्या पोरीने लिहिलं होतं, 'आई?'

मग लिहिलं होतं, 'आई, जेवलीस का? दोरो वोट केलं होतंस का आज?'

आणि त्याने लिहिलं, 'हो. छान झालं होतं. आकडा पाठव.'

फिलसेटात! मरियमच्या उपासात मी कोंबडी शिजवली आणि वर छान झाली म्हणून सांगितलं! मूर्खाला एवढंही कळलं नाही. त्याला माझे सगळे निरोप मिळाले, माझा खोकला मिळाला, पण माझा उपास नाही मिळाला. माझ्या हुशार पोरीने ओळखलं. आणि तिने खाली लिहिलं होतं…

थांबा, निखारे फुंकते जरा. धूर डोळ्यात जातो.

'तू माझी आई नाहीस.'

असं लिहिलं होतं. माझ्या नावाखाली, माझ्या फोटोखाली. आणि मग तिने दार लावून घेतलं. फिकिर्ते म्हणाली, त्याला ब्लॉक म्हणतात. बरोबरच केलं हो तिने! अगदी बरोबर! फिकिर्तेही म्हणाली, "मावशी, सगळ्या गावात ही एकटी नियमाप्रमाणे वागली." मला इतका अभिमान वाटला, इतका अभिमान वाटला, की मी तिथेच फिकिर्तेच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

आता पुढे काय? माझ्या फोनवरून काही जाईना. झेबेनायच्या नंबरवरून फोन लावला, उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा पण नियम! रविवार आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. मी उंबऱ्यावर फोन मांडीत घेऊन बसायची, जशी पोटाखाली अंडी घेऊन कोंबडी बसते तशी. मनात नको ते. माझी पोर परक्या देशात एकटी, आणि तिला वाटतंय तिची आई चोराने नेली. आजारी आहे की मेली, तेही तिला माहीत नाही. विचारणार कुणाला? जिला विचारायचं तीच मी!

तेव्हा मी नवस बोलले. छत्री देणार होते मखमलीची, पण झेबेनाय म्हणाली, "मरियमकडे छत्र्यांचा ढीग झालाय, पाऊस तरी किती पडतो?" मग म्हटलं, कॉफी सोडते. मास्तेवाल माझ्याशी बोलेपर्यंत कॉफी नाही. आणि मी एकटीने सोडून भागेना, कारण गल्लीची कॉफी माझ्याच घरी होते! सगळ्या गल्लीचं डोकं दुखलं. मंडळाने माझ्या मुलीसाठी इतक्या कळवळून प्रार्थना केली, इतक्या कळवळून… त्यात कॉफीसाठी किती होती ते देवमातेलाच माहीत.

शेवटी फिकिर्तेने स्वतःच्या नावाने तिला लिहिलं, दोघी एका शाळेत होत्या ना. 'मास्तेवाल, तुझी आई खरी आहे, माझ्यासमोर बसली आहे.' तिकडून उत्तर, 'चोर पण असंच लिहितात.' बघा, पोर माझी! फिकिर्तेने पुन्हा लिहिलं, तिने पुन्हा झिडकारलं. असं होता होता एका रविवारी लिहिलं, 'ठीक आहे. मी फोन करते. एकच प्रश्न विचारणार. आवाजावर माझा विश्वास नाही, आवाज त्यांच्याकडे आहे.' चेहरा दाखवावा तर तिच्या जुन्या फोनवर व्हिडिओ चालतच नाही.

घ्या, दुसरा प्याला घ्या. हा जरा पातळ. माझी पण तशीच अवस्था झाली होती.

फोन आला. मी म्हटलं, "पोरी!" तिकडून आवाज आला, कोरडा, कचेरीतल्या बाईसारखा. "बोला. माझ्या आईशिवाय कुणालाच माहीत नाही, असं एक काहीतरी सांगा."

'बोला' म्हणाली. 'सांगा' म्हणाली. मला! पोटच्या पोरीने मला अहोजाहो केलं. पण रडायला वेळ नव्हता, मॅडमच्या कपाटाचं दार केव्हाही उघडेल.

आणि मी विचार करायला लागले, बायांनो, तर काही सापडेचना! आता तुम्हाला माहीत आहे, माझ्या पोटात काही राहत नाही. तिचं लाडाचं नाव? गल्लीला माहीत. तव्यावर हात भाजला तो डाग? दर कॉफीला सांगते. तिचा बाप तिला झोपवताना गायचा ते गाणं? मीच तिला निरोपात गाऊन पाठवलं होतं, म्हणजे चोराकडे ते पण आहे. तिच्या जन्माची गोष्ट? ती तर बेलायनेशही सांगते, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगते! सगळा जन्म मी दार सताड उघडं टाकून जगले, आणि आता माझीच पोर दारात उभी राहून किल्ली मागतेय, आणि किल्ली नाही!

"वेळ नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "सांगताय का?"

तेव्हा आठवलं. आजवर कुणाला बोलले नाही ते. अब्बांनाही नाही, कारण ते पाप आहे की नाही हेच मला ठरवता आलं नव्हतं. तिलाही कधी बोलले नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

ती निघाली त्या सकाळी तिचा एक बूट सापडत नव्हता. गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, सगळे शोधताहेत, पलंगाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, झेबेनाय तर कुत्र्याला बडवत होती. मी पण शोधत होते, सगळ्यांत जास्त मीच शोधत होते. मग मास्तेवाल शांतपणे आत गेली, तेफच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि बूट बाहेर काढला. उंबऱ्यावर आपटून पीठ झाडलं, पायात घातला, माझ्या गुडघ्यावर ओठ टेकवले आणि गेली. घरात काही लपवायचं झालं तर माझी जागा एकच, हे तिला लहानपणापासून ठाऊक. माझा पासवर्ड पोरीला तेव्हाही माहीत होता.

मी फोनमध्ये म्हटलं, "तुझा डावा बूट. तेफच्या डब्यात. मी ठेवला होता."

मला वाटलं, गेला फोन. फिकिर्ते माझा हात धरून. आणि मग तिकडून एकदम, नाक ओढत, माझ्या मास्तेवालच्या आवाजात,

"आई… उजवा होता ग."

…

घ्या ना. प्याला हातात धरून काय बसलात? निवेल.

मग काय, दोघी एकदम बोलायला लागलो, एकीचं एकीला ऐकू येईना. ती म्हणे, जेवलीस का, मी म्हणे, कॉफी सोडलीय ग तुझ्यासाठी, ती म्हणे, अरे देवा, मग गल्लीचं कसं होणार! तेवढ्यात मागून मॅडमची हाक आली. जाता जाता म्हणाली, "आई, आता पुढच्या रविवारीही एक विचारणार हं. दर रविवारी नवं. ते लोक पुन्हा येतात." आणि फोन बंद.

बरोबर आहे तिचं. फिकिर्तेही म्हणाली, उत्तम पद्धत आहे, सगळ्या घरांनी करावी. पण मला सांगा, दर रविवारी नवं गुपित आणू कुठून? गुपितं व्हायला माणसं एका घरात राहावी लागतात. एका ताटात इंजेरा मोडावा लागतो, एकमेकींचं काहीतरी बघून न बघितल्यासारखं करावं लागतं. ती तिकडे, मी इकडे, आमच्यात नवं काही घडतच नाही. जे होतं तेवढंच, आणि त्यातलं सगळ्यांत चांगलं मी पहिल्याच रविवारी वापरून बसले. आणि आता बघा, तेही तुम्हा सगळ्यांना सांगून मोकळी झाले! म्हणजे बूट गेला. झेबेनाय, तू कुत्र्याची माफी मागितलीस का ग?

असो. हा तिसरा प्याला, आशीर्वादाचा. तो मात्र कुणालाही द्यायचा असतो, बेलायनेशलासुद्धा. ये ग, पुढे ये. आणि ऐक, तुझी तल्ला अजूनही पाणचटच होते. रुस. गल्लीत एक तरी माणूस सुरक्षित राहू दे.

मी दुसरा नवस बोललेय मरियमला. कारण मी हिशेब बघितला, आमची गुपितं लवकरच संपणार, आणि ती संपायच्या आत पोर घरी यायला हवी. येईल. मरियम कधी आकडा मागत नाही, पासवर्ड मागत नाही, हाक मारली की ओळखते. म्हणून या वेळी नवस अगदी हळू बोललेय, देवळात, तिच्या चित्रावरच्या पडद्याला तोंड लावून. काय बोललेय, ते नाही सांगणार. मास्तेवाल आणि मी, आमच्या दोघींसाठी राखून ठेवलंय, एका रविवारपुरतं. तुम्हाला नाही, अब्बांना नाही. कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही!

…

असं काय बघताय?

…

बरं, सांगते. पण आधी ते दार लावा.